नांगर धरला का?

(चिंतनासाठी वाचने : प्रेषितांची कृत्ये २७:२७-४४, लूक ५:१-११)



मासेमारी बंदीचे दोन महिने ३१ जुलैला संपले. नवा रंग, झेंडूच्या माळा आणि पवित्र पाण्याचा शिडकावा घेऊन आपल्या बोटी पुन्हा दर्यावर गेल्या. बोटींना आशीर्वाद देत असताना एका नाखव्याने मला विचारले, “फादर, यंदा येणार काय आमच्याबरोबर? पण दोराला हात लावायचा नाही हां!” आजूबाजूचे सगळे खलाशी मोठ्याने हसले. ते का हसले, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना आज मीच सांगतो.

मी बागायतदाराच्या घरातला. केळी आणि पानवेली ह्यांत वाढलेला. दर्या पाहिला तो किनाऱ्यावरून. गेल्या वर्षी मी हट्ट धरून एका रात्रीसाठी बोटीवर गेलो. आपल्या लोकांचे कष्ट एकदा तरी डोळ्यांनी पाहावेत, एवढीच इच्छा होती. रात्र चांगली गेली. पहाटे धक्का दिसू लागला. ओहोटी लागली होती, पाण्याला ओढ होती आणि धक्क्यावर आधीच दोन बोटी लागलेल्या होत्या. मधल्या जागेत आमची बोट घालायची होती.

मला वाटले, आपणही थोडी मदत करावी. पुढे पडलेला एक दोर मी उचलला आणि धक्क्यावरच्या मुलाला ओरडून सांगितले, “घे रे, पकड!” मुलाने तो पकडला आणि फादरांनी सांगितले म्हणून घाईघाईने खुंट्याला आवळला. पण नाखव्याला आधी दुसरा दोर द्यायचा होता. बोटीचे तोंड एकदम धक्क्याकडे वळले, मागची बाजू प्रवाहाने बाहेर फेकली गेली आणि शेजारच्या बोटीवर जाऊन आदळली. मध्ये टायर होते म्हणून निभावले. एका खलाशाचा हात दोन्ही बोटींच्या मध्ये जाता जाता वाचला.

नाखवा मला रागावला नाही. सगळे दोर बांधून झाल्यावर तो जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “फादर, मिस्सा तुमी सांगता, तवा आमी मधी बोलतो काय? इथं दोन तोंडं झाली की बोट फुटते.”

त्या दिवसापासून संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला की मी धक्क्यावर जाऊन बसतो. बोटी लागताना पाहतो. जे काम मला आरडाओरडा वाटत होते, त्यात केवढी शिस्त आहे हे हळूहळू कळू लागले. बंधू-भगिनींनो, माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, हे शिकायचे असेल तर धक्क्यावर जावे. तेथे शिकलेल्या चार गोष्टी आज तुमच्यापुढे ठेवतो.

१. बोलायचे ते आधी

चांगला नाखवा धक्क्यापाशी येऊन ओरडत नाही. धक्का अजून लांब असतो, इंजिनाचा वेग कमी केलेला असतो, तेव्हाच तो सांगून मोकळा होतो : आज कोणती बाजू लावायची, पाणी कुठे ओढते आहे, पहिला दोर कोण देणार, टायर कोण सांभाळणार. एकदा बोट धक्क्याजवळ आली की इंजिनाचा आवाज, वारा आणि धक्क्यावरचा गलका ह्यांत शब्द ऐकूच येत नाहीत. मग फक्त हात बोलतो. पुढे उभा असलेला खलाशी तळहात वर करतो, म्हणजे थांब. बोटाने खुंटा दाखवतो, म्हणजे दोर तिथे. सुकाण्यावरच्या माणसाला पुढचे दिसत नाही, त्याला फक्त तो हात दिसतो. पण हाताची खूण तेव्हाच कळते, जेव्हा तिचा अर्थ आधी ठरलेला असतो.

लूकच्या शुभवर्तमानात हेच आहे. पेत्राची जाळी फाटू लागली, तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दुसऱ्या होडीतील भागीदारांना खुणावले आणि ते मदतीला आले. संत लूक लिहितो की त्यांनी खुणावले. याकोब आणि योहान ह्यांना ती खूण कळली, कारण ती माणसे रोज एकत्र काम करीत होती.

आपल्या घरांत काय होते? आपण बोलतो ते भांडण सुरू झाल्यावर. मुलीच्या लग्नाचा खर्च, म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचे, जमिनीचा तुकडा विकायचा की ठेवायचा, हे विषय पाणी शांत असताना आपण काढत नाही. आवाज वाढल्यावर काढतो. मग कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही, आणि आधी काही ठरलेले नसल्यामुळे खुणेचाही अर्थ उलटा लागतो.

२. ऐकले, हे सांगायला हवे

मोठ्या जहाजांवर आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण काम करतात. त्यांच्यापैकी एकाने मला तिथली पद्धत सांगितली. कप्तानाने सुकाणू वळवण्याचा हुकूम दिला की सुकाणूवाला तो हुकूम शब्दशः परत बोलतो. सुकाणू वळवून झाले की पुन्हा सांगतो, वळले. नांगर टाकताना आणि उचलताना पुढे उभा असलेला अधिकारी साखळी किती गेली, कोणत्या दिशेला ताणली आहे, हे वरच्या मजल्यावर सतत कळवत राहतो. जगभरच्या जहाजांवर वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषांची माणसे असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरावीक शब्दांचा एक संचच मान्य केला. एका शब्दाला एकच अर्थ.

आपल्याकडच्या जुन्या खलाशांनाही ही गोष्ट ठाऊक होती. बंदरात आणि क्रेनवर काम करणारे आजही ‘हबेस’ म्हणजे उचल आणि ‘आरिया’ म्हणजे सोड असे म्हणतात. त्यातला ‘आरिया’ पोर्तुगीजांकडून आला. शब्द कुठला का असेना, सर्वांना एकाच अर्थाने कळला पाहिजे आणि ऐकणाऱ्याने “ऐकले” म्हटले पाहिजे. आपल्या बोटीवरही पाहा. नाखवा “सोड” म्हणतो आणि पुढून लगेच उलट आवाज येतो, “सोडला!” तो आवाज आला नाही तर नाखवा पुढचे काम करीत नाही.

आता ह्याच्या उलट काय होते ते सांगतो. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेराल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइज’ नावाची मोठी प्रवासी बोट बेल्जियमच्या झीब्रुग्ग बंदरातून इंग्लंडकडे निघाली. तिच्या पोटात मोटारगाड्या ठेवलेल्या होत्या आणि त्या आत घेण्यासाठी पुढच्या बाजूला मोठे दरवाजे होते. ते दरवाजे बंद न करताच बोट धक्क्यावरून सुटली. बंदराबाहेर पडताच पाणी आत शिरले आणि काही मिनिटांत बोट कलंडली. १९३ माणसे मरण पावली.

चौकशीत काय निष्पन्न झाले? दरवाजे बंद करणारा माणूस आपल्या खोलीत झोपला होता. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले, तो येतोच आहे. तिथून शेवटी निघालेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने दरवाजे उघडे असूनही काही केले नाही, कारण दरवाजे बंद करणे हे त्याचे काम नव्हते. आणि कप्तानाला त्याच्या जागेवरून दरवाजे दिसत नव्हते. कोणी काही कळवले नाही म्हणजे सगळे ठीक आहे, अशी तिथली पद्धत होती. तो निघाला.

त्या बोटीवर त्या रात्री कोणी खोटे बोलले नाही. कोणी कोणाचे वाईट चिंतले नाही. फक्त कोणीच “बंद केले” असे म्हणाले नाही आणि कोणीच “बंद केले का?” असे विचारले नाही.

बंधू-भगिनींनो, ‘ते माझे काम नव्हते’ आणि ‘मला वाटले तो करील’ ही दोन वाक्ये आपल्या धर्मग्रामातही ऐकू येतात. शेजारचा तरुण दारूत बुडतो आहे, हे आळीतल्या दहा घरांना दिसते. प्रत्येकाला वाटते, त्याच्या मामाने सांगितले असेल, फादरांना ठाऊक असेल. आणि फादरांना वाटते, कोणी काही बोलले नाही म्हणजे सगळे ठीक आहे. मी माझ्यासकट बोलतो आहे. एका घरच्या अंत्यविधीला गेल्यावर मला कळले की त्या घरात वर्षभर काय चालले होते. तो दरवाजा उघडा होता. मी विचारले नव्हते.

३. दोराला ढील हवी

धक्क्यावर मी एक चूक नवख्या मुलांना वारंवार करताना पाहिली. बोट लागली की ते दोर कडक आवळतात. मग म्हातारा तांडेल ओरडतो, “ढील दे!” उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. भरतीला आवळून बांधलेली बोट ओहोटीला दोरावर लटकते. दोर तरी तुटतो, नाहीतर खुंटा तरी उपटतो. नांगराचेही तसेच. खोली दहा वाव असेल तर दहाच वाव दोर सोडून चालत नाही. त्याच्या कितीतरी पट सोडावा लागतो, तेव्हाच नांगर आडवा ओढला जाऊन चिखलात रुततो. दोर आखूड ठेवला तर नांगर वर उचलला जातो आणि बोट वाहत जाते.

जो आईबाप मुलांना घट्ट बांधून ठेवतो, त्याने ह्याचा विचार करावा. मुलाला बांधून ठेवले म्हणजे तो सुरक्षित असतो असे नाही. ढील देणे म्हणजे सोडून देणे नव्हे. दोराचे एक टोक आपल्या हातात असतेच. आणि मुलांनीही लक्षात ठेवावे की त्या टोकाला कोणीतरी रात्रभर जागे आहे.

४. खोट्या खुणेने बोट बुडते

प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय घरी नीट वाचा. कोळ्याच्या घरात तर तो दरवर्षी एकदा वाचला गेलाच पाहिजे, इतका तो दर्यावरच्या माणसांचा आहे. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. वादळात जहाज भरकटले. चौदाव्या रात्री खलाशांना वाटले, जमीन जवळ आली. त्यांनी बुडीत वजन सोडून खोली मोजली. वीस वाव भरली. थोडे पुढे जाऊन पुन्हा मोजली, तर पंधरा वाव. आपण आजही पाणी वावेतच मोजतो, दोन्ही हात पसरून. खडकावर आदळू ह्या भीतीने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि पहाट व्हावी म्हणून प्रार्थना करू लागले.

इथपर्यंत सर्व उत्तम चालले होते. मोजले, एकमेकांना सांगितले, नांगर टाकले. पण मग खलाशांनी एक कपट केले. पुढच्या बाजूनेही नांगर टाकायचे आहेत असे भासवून त्यांनी लहान होडी पाण्यात सोडली. खरे तर त्यांना जहाज आणि प्रवासी सोडून पळून जायचे होते. काम खरे होते, शब्द खरे होते, खूण खरी होती, आतला हेतू मात्र खोटा. पौलाच्या ते लक्षात आले. त्याने शताधिपतीला आणि शिपायांना सांगितले की, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले.

ह्या प्रवासाच्या सुरुवातीलाही पौलाने धोक्याची सूचना दिली होती. तेव्हा त्या कैद्याचे कोणी ऐकले नव्हते. ह्या वेळी ऐकले. आणि नंतर पौलाने काय केले? त्याने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. मग सर्वांना धीर आला आणि तेही जेवले. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती. पळून जाऊ पाहणारे खलाशीही त्यांत होते. त्यांना कोणी समुद्रात फेकले नाही. सकाळ झाल्यावर त्यांनी नांगर तोडून दिले, शीड उभारले आणि जहाज किनाऱ्याकडे नेले. जहाज फुटले, पण माणसे सगळी जिवंत किनाऱ्याला लागली. ते बेट म्हणजे माल्टा. तेथील लोक आजही १० फेब्रुवारीला संत पौलाच्या जहाजफुटीचा सण साजरा करतात.

जहाज हरवले, माल हरवला, नांगर हरवले, पण माणूस एकही हरवला नाही. कारण शेवटच्या रात्री कोणीतरी खरे बोलले आणि कोणीतरी ऐकले.

आता एका घराविषयी

आपल्या धर्मग्रामातील एका बापलेकाविषयी मी दोघांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावे विचारू नका, आणि ओळखलीत तर गप्प राहा.

दोघे एकाच बोटीवर. बाप सुकाण्यावर, मुलगा पुढे दोरापाशी. त्यांची बोट लागताना पाहणे म्हणजे आनंद. मुलाने नुसती मान हलवली तरी बापाला कळते. एकदा मी त्या बापाचे कौतुक केले. तो म्हणाला, “फादर, आठ महिने झाले, घरात आमी बोलत नाय.” मुलाने बापाला न सांगता जहाजावरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. बापाने नव्या इंजिनासाठी कर्ज काढले होते, तेही मुलाला न विचारता. दोघांनाही ते बाहेरच्या माणसांकडून कळले. तेव्हापासून ताट वाढायचे आईने, निरोप पोहोचवायचे आईने.

मी विचारले, “मग बोटीवर कसे बोलता?”

तो म्हणाला, “बोटीवर नाय बोललो तर बोट फुटंल.”

“आणि घरी?”

त्याने उत्तर दिले नाही. घर फुटताना आवाज होत नाही, म्हणून आपल्याला वाटते ते फुटत नाही.

बोटींच्या आशीर्वादाच्या आदल्या रात्री मुलगा माझ्याकडे आला. मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “दोर सोडलास की तू काय म्हणतोस?” तो म्हणाला, “सोडला, म्हणतो.” मी म्हणालो, “मग घरी जाऊन तेवढे तरी म्हण. जायचे आहे, हे तुझ्या तोंडाने बापाला सांग. त्याला ते दुसऱ्याकडून कळले, हेच त्याचे दुःख आहे.” त्याने सांगितले. बाप अजून ‘हो’ म्हणालेला नाही. कदाचित म्हणणारही नाही. पण त्याने विचारले, “कधी?” आठ महिन्यांनंतर त्या घरात उलट आवाज आला. माझ्या दृष्टीने हे थोडे नाही.

हात दोरावर ठेवा

शेवटी एक गोष्ट. नांगर टाकला म्हणजे तो धरलाच असे नसते. तो तळाला लागतो, पण कधी चिखलावरून घसरत राहतो. वरून काही दिसत नाही. मग पुढचा माणूस ताणलेल्या दोरावर तळहात ठेवतो. दोर थरथरत असेल, धक्के देत असेल, तर नांगर घसरतो आहे. दोर स्थिर असेल तर तो मागे वळून सांगतो, “धरला!” रात्री तो किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतो, चर्चचा दिवा आणि मागचा एखादा दुसरा दिवा. खुणा एकमेकींपासून सरकल्या तर समजायचे, आपण वाहत आहोत.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. रोममधील संत प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत. त्या लोकांनी मृत्यूवरही नांगराची खूण केली, कारण त्यांचा नांगर ख्रिस्तात रुतलेला होता. पण तो धरला आहे की घसरतो आहे, हे रोज हात ठेवून पाहावे लागते. प्रार्थना म्हणजे दोरावर ठेवलेला हात. आपण देवाशी बोलतो, आणि गप्प राहून त्याचेही ऐकतो. फक्त आपणच बोलत राहिलो, तर ती माझ्यासारख्या नवख्याची मदत होते : दोर उचलायचा, ओरडायचे आणि नाखव्याचे ऐकायचे नाही.

ह्या आठवड्यासाठी

प्रत्येक घराने ह्या आठवड्यात एक गोष्ट करावी. रात्रीच्या रोझरीनंतर टी.व्ही. लावण्यापूर्वी दहा मिनिटे बसावे. ज्याने जे सांगितलेले नाही ते सांगावे : काढलेले कर्ज, भरलेला अर्ज, लपवलेला आजार. ऐकणाऱ्याने लगेच उत्तर देऊ नये. आधी एवढेच म्हणावे, “ऐकले.” भांडण नंतरही करता येईल. आणि आळीत ज्याचा दरवाजा उघडा दिसतो, त्याच्याकडे जाऊन एकदा विचारावे, किंवा मला येऊन सांगावे. मला ठाऊक असेल असे गृहीत धरू नका.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू पेत्राच्या होडीत बसलास आणि वादळात झोपलास, पण शिष्यांनी हाक मारताच उठलास. आमच्या दर्यावरच्या भावांना सुखरूप धक्क्याला आण. आमच्या घरांत जे मुके झाले आहेत त्यांना शब्द दे, आणि जे फार बोलतात त्यांना कान दे. आमच्या आशेचा नांगर तुझ्यात घट्ट धरू दे. सागरतारा पवित्र मारिये, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.

आपला धर्मगुरू